चार मित्र, एक लॅब्राडॉर आणि एक मांजर घेऊन मुंबईहून रत्नागिरीपर्यंत बोटीने जाता येईल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: थंडीच्या दिवसांत चार मित्र मिळून बोट घ्यायची, किनाऱ्याकिनाऱ्याने मुक्काम करत रत्नागिरी गाठायची आणि सोबत कुत्री आणि मांजर दोघांनाही न्यायचं. जनावरांना हे सोसेल का आणि रोजचा प्रवास कसा आखायचा?

कुत्रीला सोसेल. मांजराचं खाली लिहितो. आखणीबद्दल माझं मत ठाम आहे: ती कुत्रीच्या सोयीने करा. उजाडताना निघायचं, ऊन तापायच्या आत पुढच्या खाडीत नांगर टाकायचा, संध्याकाळी तिला किनाऱ्यावर मनसोक्त फिरवून आणायचं. आमचा खंड्या गावठी कुत्रा, पाण्याचं भयंकर वेड असलेला. त्याला घेऊन आम्ही मित्र असेच फिरायचो, आणि आता तो सोबत नसला तरी हा क्रम मोडत नाही. थंडीतला कोकणचा समुद्रही नेमक्या याच वेळा पाळतो.

शाळेत भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे शिकलात, ते इथे रोज अंगावर येतात. रात्रभर जमीन गार होते आणि पहाटे मतलई वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो. त्यामुळे किनाऱ्यालगत लाट उठत नाही. दहा-अकराच्या सुमारास तो पडतो, थोडा वेळ सगळं ठप्प, आणि दुपारी वायव्येकडून खारा वारा सुरू होतो तो सूर्यास्तापर्यंत. त्याच्याने उठणारी लाट आखूड आणि उभी असते. माणसं दात-ओठ खाऊन सहन करतात. कुत्रं आधी जांभया देतं, मग लाळ गाळतं, मग ओकतं. ही पायरी येईपर्यंत तुम्ही खाडीत असायला हवं.

कोकण या बाबतीत फार दिलदार आहे. सरळ किनारा आणि मैलोन् मैल आसरा नाही, असं इथे होत नाही. मुंबई ते रेवदंडा सुमारे २५ सागरी मैल, हाच काय तो लांब टप्पा. ताशी ५ सागरी मैलांनी पाच तास लागतात. तिथून राजपुरीची खाडी १५ मैलांच्या आत. मुरुडचा जंजिरा तिच्या तोंडाशीच, आणि आत दिघी-आगरदांड्याकडे चांगला आडोसा. राजपुरीहून बाणकोट साधारण २०, बाणकोटहून हर्णे १०, हर्णेहून दाभोळ १५, दाभोळहून जयगड १७, जयगडहून रत्नागिरी १८. शेवटी खाडीत आत शिरायचा वेळ वेगळा धरा. यातला हर्णे तेवढा उघडा आहे. सुवर्णदुर्गाची थोडी आड मिळते, पण वायव्येचा वारा जोरात असेल तर रात्रभर बोट डोलते आणि कोणालाच झोप लागत नाही. संध्याकाळचा मासळीचा लिलाव बघायला थांबायचंच असेल तर वाऱ्याचा अंदाज बघून थांबा. जयगड मला सगळ्यात आवडतं. खोल, शांत, आणि शास्त्री नदीने आत कितीही जा.

आता भरती-ओहोटी. या प्रवासात नवखे लोक सगळ्यात जास्त इथेच अडकतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो. बऱ्याच खाड्यांच्या मुखाशी वाळू साचलेली असते. बाणकोट आणि दाभोळला तर नक्कीच. मुखातून आत शिरायचं ते भरती चढत असताना. चढत्या पाण्यात बूड टेकलं तर अर्ध्या तासात पाणीच तुम्हाला उचलतं. उतरत्या पाण्यात टेकलं तर सहा-सात तास तिरप्या बोटीत बसा, आणि कुत्री तिरप्या डेकवर कशी वागते ते बघा.

भरतीची वेळ काढायचा किनाऱ्यावरचा जुना हिशेब तुम्हाला माहीत असेल: तिथीची पाऊणपट. चतुर्थीला चार गुणिले पाऊण म्हणजे तीन, म्हणून पूर्ण भरती तीनच्या सुमारास. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा-बारा. हा हिशेब मुंबईच्या आसपास बरा जुळतो, दक्षिणेकडे जाल तशी भरती थोडी आधी येते. नक्की वेळेसाठी भरतीचं छापील कोष्टक बघाच, पण सहलीच्या तारखा ठरवायला कॅलेंडरवरची तिथी पुरते. तुम्हाला दहा-अकराला खाडीच्या तोंडाशी चढतं पाणी हवंय. म्हणजे पौर्णिमा किंवा अमावास्येला निघायचं आणि चतुर्थी-पंचमीपर्यंतचे दिवस वापरायचे. पुढे षष्ठी-सप्तमीला सकाळी पाणी उतरत असतं, अष्टमीला तर पहाटेच भरती होऊन दुपारी बारा वाजता ठणठणीत ओहोटी. ते दिवस जयगडसारख्या खोल खाडीत आरामात घालवा. आमच्या सगळ्या सहलींच्या तारखा अशा तिथी बघून ठरतात. शनिवार-रविवार बघून ठरवल्या की काहीतरी ओढाताण होतेच.

एक किंमत मोजावी लागते. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, मुंबईकडे पाणी चार मीटरच्या वर चढउतार करतं आणि खाडीत ओढ जबरदस्त असते. नांगराची दोरी भरतीचं पाणी धरून सोडा. टाकताना ४ मीटर खोली असेल आणि अजून ४ मीटर चढणार असेल तर हिशेब ८ मीटरचा, आणि दोरी त्याच्या निदान पाचपट, म्हणजे ४० मीटर. या ओढीत कुत्रीला बोटीवरून पोहायला सोडू नका, लॅब्राडॉर असली तरी. ती चेंडूमागे गेली की ओढ तिला मागे फिरू देत नाही. पोहणं किनाऱ्यावर, लांब दोरीला बांधून.

परतीचा विचार निघण्यापूर्वी करा. जाताना दुपारचा वारा पाठीमागून येतो, म्हणून एखाद दिवस उशीर झाला तरी निभावतं. येताना तोच वारा तोंडावर. उत्तरेकडे येताना अकरानंतर बोट पुढे सरकवणं म्हणजे डिझेल जाळणं आणि सगळ्यांना आजारी पाडणं. त्यामुळे परतीला जवळजवळ दुप्पट दिवस धरा, टप्पे छोटे ठेवा. किंवा दोघांनी बोट परत आणावी आणि दोघांनी कुत्रीला घेऊन रस्त्याने यावं. रेल्वेने आणायचं तर प्रथम श्रेणी वातानुकूलित डब्यातला अख्खा कूपे मिळाला तरच ती तुमच्यासोबत बसू शकते.

रात्री चालू नका. अंधारात उंच लाटेपेक्षा जाळी धोकादायक. रायगडच्या किनाऱ्यासमोर डोलजाळी रोवलेली असतात, पुढे वाहती जाळी मैलभर पसरलेली, आणि जाळ्याची खूण सांगणारे बोये म्हणजे अनेकदा नुसते प्लास्टिकचे कॅन. पंख्यात जाळं गुंतलं तर तुमचा प्रवास थांबतो आणि कोणाच्यातरी घरचं मोठं नुकसान होतं. दिवसासुद्धा बोया दिसला की दुसरा कुठे आहे ते शोधा, दोघांच्या मधून जाऊ नका. जवळ मासेमारीची होडी असेल तर हात करून विचारा. तांडेल लोक, म्हणजे बोटींचे प्रमुख, आनंदाने सांगतात कुठून जायचं ते. दाभोळच्या तोंडाशी एका चाचांनी आमच्या बाजूला बोट आणून, "घाई नको, पाणी लागू दे, मग माझ्या मागून या," एवढंच सांगितलं आणि आम्हाला वाळू चुकवून आत नेलं. खंड्या त्यांच्या बोटीतल्या बांगड्यांकडे बघत नाळेवर, म्हणजे आमच्या बोटीच्या पुढच्या टोकावर, बसून होता. त्यांनी एक फेकला तो त्याने हवेतच पकडला.

कुत्रीची तयारी घरूनच सुरू होते, आणि तिचा पहिला विषय शू-शी. बाहेर जाऊनच करायची सवय असलेलं कुत्रं बोटीवर अजिबात करत नाही. दहा-दहा तास धरून ठेवतं, त्याने मूत्राशयाला त्रास होतो. काथ्याचं जाड पायपुसणं विकत आणा, निघण्याच्या महिनाभर आधी. ती सकाळी जिथे जाते तिथे ते टाका, एकदा त्यावर झालं की धुऊ नका, नुसतं वाळवा. मग तेच गच्चीवर, मग बाल्कनीत, शेवटी बोटीच्या मागच्या डेकवर. काथ्याचा खरखरीतपणा पायाला मातीसारखा लागतो आणि वास तिचाच असतो. पायपुसण्याच्या कोपऱ्यात भोक पाडून दोरी बांधा. काम झालं की पाण्यात टाकून खेचून घ्यायचं, पण पूर्ण घासू नका, थोडा वास राहू द्या. पहिल्यांदा तिने बोटीवर केलं की चौघांनी मिळून इतकं कौतुक करा की तिला वाटलं पाहिजे आपण गड जिंकला. शी मात्र पिशवीत उचलून किनाऱ्यावर आणायची.

लाइफ जॅकेट पाठीवर मुठीसारखा पट्टा असलेलंच घ्या. तिला पाण्यातून वर काढायचं साधन म्हणजे तो पट्टा. २८-३० किलोचं ओलं कुत्रं नुसत्या हातांनी उचलणं एकट्याला जमत नाही, म्हणून आकड्याच्या लांब काठीने पट्टा पकडायचा आणि दोघांनी उचलायचं. हे घराजवळच्या तलावात करून बघा. बोटीवरचा सराव आम्ही असोल्या, म्हणजे न सोललेल्या, नारळाने करतो. तो पाण्यात पडला की माणसाच्या डोक्याएवढाच वर दिसतो. एकाने न सांगता नारळ टाकायचा आणि ओरडायचं. दुसऱ्याने नजर न हलवता नारळाकडे हाताने खूण करत राहायचं, तिसऱ्याने बोट वळवायची, चौथ्याने काढायचा. चारही जणांना चारही कामं आली पाहिजेत, कारण पडणारा माणूस बोट चालवणाराच असू शकतो. लाटेत दोन बोटींच्या अंतरावर नारळ कसा दिसेनासा होतो ते एकदा बघितलंत की जॅकेट घाला म्हणून कोणाला सांगावं लागणार नाही. १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीचा अपघात झाला, तो भर दिवसा आणि शांत पाण्यात. माणसांची जॅकेटं अंगावर हवीत, बाकाखाली ठेवून उपयोग नाही.

उन्हाचं बघा. जानेवारीतही दुपारी फायबरचं डेक तापतं. तळहात त्यावर टेकवा, पाच-सात सेकंद ठेववत नसेल तर तिचे पंजेही भाजतील. ताडपत्रीचं छत आणि खाली ओलं गोणपाट, एवढ्याने फरक पडतो. ३० किलोच्या कुत्रीला रोज दीड-दोन लिटर पाणी लागतं, उन्हात बरंच जास्त, आणि खाऱ्या पाण्यातून आली की अंग, कान, पंज्यांच्या बेचक्या गोड्या पाण्याने धुवायला आणखी. पाण्यात सोडण्याआधी तिला पोटभर गोडं पाणी पाजा. तहानलेलं कुत्रं खारं पाणी पितं, मग उलट्या-जुलाब होतात, आणि जास्त प्यायलं तर जिवावर बेततं. धाप थांबत नाही, लाळ घट्ट झाली, हिरड्या लालभडक दिसल्या, पाय लटपटायला लागले तर तो उष्माघात. पोटावर आणि पंज्यांवर सतत साधं पाणी ओता, वारा घाला आणि डॉक्टर गाठा.

उलटीवरच्या आपल्या गोळ्या तिला मनाने देऊ नका. निघण्यापूर्वी तिच्या डॉक्टरांकडून वजनानुसार औषध लिहून घ्या, रेबीज आणि लेप्टोस्पायरोसिसच्या लसी तपासा, गोचिडीचं औषध लावा.

किनाऱ्यावर तिला उतरवताना खडकांवर नको. कोकणातले खडक कालवांनी भरलेले असतात आणि त्या शिंपल्यांची धार पात्यासारखी असते. खंड्याचा पंजा एकदा मधोमध चिरला होता. बाहेरून रेघ दिसत होती, आत शिंपल्याचा तुकडा. वाळू किंवा उतारी धक्काच निवडा. पुळणीवर मेलेला मासा तोंडात घेऊ देऊ नका, विशेषतः फुगलेला केंड. त्याचं विष कुत्र्याला मारू शकतं. मालवणच्या बाजूला गेलात तर जाळ्यातून फेकलेले समुद्रसापही वाळूत पडलेले दिसतात, त्यांनाही हुंगू देऊ नका.

दोरी सोडायची नाही, याची दोन कारणं मला फार महत्त्वाची वाटतात. कोळीवाड्यात बोंबील वलांडीवर आणि जवळा जमिनीवर वाळत असतो. ती कोणाच्यातरी वर्षभराची बेगमी आहे, तुमची लॅब्राडॉर तिच्यावर दहा मिनिटांत ताव मारेल. दुसरं, कासवं. वेळास, आंजर्ले आणि आसपासच्या किनाऱ्यांवर थंडीत ऑलिव्ह रिडले अंडी घालायला येतात. वेळासला २००२ पासून सह्याद्री निसर्गमित्र आणि गावकऱ्यांनी घरटी जपायचं काम उभं केलं, ते कुत्र्या-कोल्ह्यांनी उकरण्यापासून आणि माणसांनी अंडी नेण्यापासून. चांगल्या घरातली, लस टोचलेली कुत्रीही वाळूत वास लागला की उकरतेच. अंधार पडल्यावर त्या किनाऱ्यांवर तिला नेऊच नका.

किल्ले पाळीपाळीने बघा, एक जण कायम तिच्यासोबत बोटीवर. २०२५ मध्ये खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग जागतिक वारशाच्या यादीत आले, त्यातले पहिले दोन तुमच्या वाटेवरच आहेत.

मित्रांबद्दल. तांडेल एकच ठरवा, आणि "आज निघायचं नाही" असं तो म्हणाला की चर्चा बंद. चालत्या बोटीवर दारू नको, नांगर टाकल्यावरही बोट जागेवर आहे ना हे बघणारा एक जण कोरडा हवा. कुत्र्याला मनातून घाबरणारा मित्र असेल तर आधी विचारून घ्या. बोटीवर त्याला पळायला जागा नसते, आणि संकोचाने तो सांगणारही नाही. कांदा-लसणाचा रस्सा, मनुका, चॉकलेट तिला कोणी प्रेमाने भरवायचं नाही, तिचा भात आणि उकडलेलं चिकन वेगळं.

बोट भाड्याने घेताना महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाची नोंदणी, विमा आणि किती माणसांची परवानगी आहे ते कागदावर बघा. मासेमारीच्या बोटीला प्रवासी नेता येत नाहीत, ओळखीतून स्वस्तात मिळाली तरी घेऊ नका. सगळ्यांची ओळखपत्रं जवळ ठेवा, गस्तीची बोट थांबवते. मुंबई बंदरात नौदलाच्या आणि जहाजांच्या वाटेपासून लांब राहा. व्हीएचएफ रेडिओ (बोटींचा संपर्काचा वायरलेस) १६ क्रमांकाच्या चॅनेलवर चालू ठेवा, तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३ हे नंबर डेकवर लिहून चिकटवा. परदेशातून आणलेला सॅटेलाइट फोन परवानगीशिवाय बाळगू नका, ते बेकायदा आहे. नोव्हेंबरात जायचा मोह झाला तर हवामान खात्याचा अंदाज रोज बघा. फयान वादळ ११ नोव्हेंबर २००९ ला याच किनाऱ्यावर आलं होतं.

आता मांजर. ते घरीच ठेवा. मांजराला लाटेपेक्षा जागा बदलण्याचा जास्त त्रास होतो, ते इंजिनाच्या फटीत जाऊन बसतं, आणि घाबरून पाण्यात पडलं तर रात्री ते कोणाला कळतही नाही. बोटीवरच लहानाची मोठी झालेली मांजरं सुखाने राहतात, पण चार-आठ दिवसांच्या सहलीसाठी तिला त्यातून नेऊ नका.

कुत्रीचं वय तुम्ही लिहिलं नाहीत. नऊ-दहाच्या पुढची असेल, किंवा कंबर धरत असेल, तर रत्नागिरीचा बेत सोडून मुंबई–रेवदंडा–राजपुरी एवढंच करा. आणि वय काहीही असो, आधी भाऊच्या धक्क्यावरून तिचं तिकीट काढून रो-रोने मांडव्याला जाऊन या. तासाभरात तिचं तोंड बघून तुम्हाला अर्धं उत्तर मिळेल. उरलेलं हवं असेल तर तिचं वय, वजन आणि बोटीची लांबी कळवा, टप्पे तिथीनुसार मांडून देतो.